कांद्याची पेशी आणि मिठाचे पाणी

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी पाने वाढायच्या वेळी घालतात. आधी घातलं तर भांड्यात पाणीच पाणी होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांनाही पाणी सुटतं. हे पाणी काही मिठातून येत नाही, मीठ तर कोरडंच असतं. ते येतं फोडीतून. मग फोडीत ते कुठे होतं, आणि मीठ लागताच बाहेर का आलं? हे समजायला आधी पेशी पाहिली पाहिजे.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक नावाच्या शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याला मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरे दिसली. १६६५ साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्यांना 'सेल' म्हटले. सेल म्हणजे छोटी खोली. गंमत अशी की त्या खोल्या रिकाम्या होत्या. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल, म्हणून हुकला दिसल्या त्या नुसत्या भिंती. आत राहणारा जीव केव्हाच गेला होता. पुढे १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांविषयी सांगितले की सगळे शरीर पेशींचेच बनलेले असते.

जिवंत पेशी पाहायची तर कांदा सगळ्यात सोपा. कांदा चिरून एक जाड पाकळी घ्या. तिच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोला. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, सुरकुती पडू देऊ नका. वर आयोडीनचा एक थेंब टाका आणि झाकणकाच अलगद तिरकी करून ठेवा, म्हणजे बुडबुडे येणार नाहीत. आता पहा. विटांची भिंत रचावी तशा लांबट पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. प्रत्येकीत एक गडद ठिपका असतो, तो केंद्रक. पेशीचा कारभार तिथून चालतो. पेशीची बरीचशी जागा रिक्तिकेने व्यापलेली असते. रिक्तिका म्हणजे रसाने भरलेली पिशवी. कैरीला सुटणारे पाणी मुख्यतः अशा पिशव्यांतलेच!

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुष्कळ मुलं कांद्याच्या पेशीच्या आकृतीत हिरवे ठिपके काढतात, कारण वनस्पतीच्या पेशीत हरितलवके असतात असं पाठ केलेलं असतं. पण कांदा जमिनीत वाढतो. त्याच्या पांढऱ्या पाकळीत हरितलवके नसतात. ती त्याच्या हिरव्या पातीत असतात. जे दिसेल तेच काढावे.

आता गालाच्या आतल्या बाजूवरून स्वच्छ काडी हलकेच फिरवून तो लेप काचेवर घ्या. या पेशी प्राण्याच्या, म्हणजे तुमच्याच. त्यांनाही केंद्रक आहे, पण आकार वेडावाकडा, कडा दुमडलेल्या. कारण प्राण्याच्या पेशीला बाहेरची भिंत नसते. तिच्याभोवती फक्त पातळ पटल असते. कांद्याच्या पेशीला पटल तर असतेच, शिवाय बाहेरून सेल्युलोजची भक्कम पेशीभित्तिकाही असते.

या पटलाचा स्वभाव मोठा चोखंदळ आहे. पाण्याला ते सहज जाऊ देते, मिठाला सहजासहजी जाऊ देत नाही. बाहेर खारट पाणी असेल तर पेशीतले पाणी बाहेर पडते. बाहेर साधे पाणी असेल तर ते आत शिरते. याला परासरण म्हणतात. बटाट्याचे बोटाएवढे काप करून काही साध्या पाण्याच्या वाटीत आणि काही दोन चमचे मीठ घातलेल्या पाण्याच्या वाटीत टाका. तासाभराने हाताने वाकवून बघा. साध्या पाण्यातला काप ताठ असतो, मोडायला गेलं तर कट्कन मोडतो. खारट पाण्यातला चामड्यासारखा वाकतो.

मग साध्या पाण्यात बटाट्याची पेशी फुगून फुटत का नाही? भिंत तिला आवरून धरते. पण आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीला भिंत नाही. ती साध्या पाण्यात टाकली तर फुगते आणि फुटते. म्हणूनच दवाखान्यात शिरेतून सलाईन देतात ते नुसते पाणी नसते. त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. तेवढ्यात रक्तपेशी फुगतही नाही, आकसतही नाही.

शेतातही हेच चालते. युरियाची मूठ रोपाच्या बुंध्याशी ढीग करून टाकली की रोप करपते. मुळाबाहेरचे पाणी फार तीव्र होते आणि मूळ पाणी घ्यायचे सोडून देऊन बसते. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठी उसाला पाणी फार झाल्याने पुष्कळ जमीन क्षारपड झाली. तिथे ओल असूनही पीक तहानेले राहते.

पालक मंडळींनी पुढचे जरूर वाचावे. जुलाब झाले की मुलाच्या शरीरातून पाणी जाते, त्याबरोबर क्षारही जातात. काही जण पाणीच बंद करतात, म्हणजे जुलाब थांबतील म्हणून. त्याने मूल अधिकच सुकते. नुसते पाणी पाजले तरी गेलेले क्षार परत मिळत नाहीत. आतड्याच्या पेशींच्या पटलात एक खास दार आहे. त्यातून ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. जुलाब चालू असतानाही हे दार उघडे असते.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे छावण्यांत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे पाणी करून पिंपांत भरले. नातेवाईकच ते आपल्या रोग्यांना पाजत. आधी शंभर रोग्यांत तीसच्या आसपास दगावत होते. ते प्रमाण शंभरात चाराच्याही खाली आले. डॉक्टर २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आरोग्य केंद्रात ओ.आर.एस.ची पुडी मिळते, ती सर्वांत चांगली. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. पुडी हाताशी नसेल तर उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. शीग लावू नये! साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून उलट पाणी बाहेर ओढते, जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर ते लहान मुलाला धोक्याचे. चाखून बघावे, आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. घोट घोट पाजत राहावे, अंगावरचे दूधही चालू ठेवावे. डोळे खोल गेले, मूल गळून पडले, पीत नाहीसे झाले किंवा शौचात रक्त दिसले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

वासराला हगवण लागली तर गुरांचे डॉक्टरसुद्धा असेच क्षारांचे पाणी पाजायला सांगतात. प्रमाण मात्र वेगळे असते, ते त्यांनाच विचारावे. वासराच्या आतड्यातही पेशींना तेच दार आहे.