संगणक अधूनमधून बंद पडतो तेव्हा

शाळेच्या संगणकावर कधी निकालपत्रक लिहिताना, तर कधी मुलांना चित्रे दाखविताना, चालू प्रोग्रॅम अकस्मात बंद पडतो. आणि ‘हार्ड डिस्क गेली’ असा निर्णय तत्काळ दिला जातो. हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमेत टकळीस मानाचे स्थान होते. सूत वारंवार तुटू लागले, तर दोष पेळूत, टकळीत की हातात, हे एकेक बदलून पाहिल्यावाचून कळत नसे. येथेही तीच रीत उपयोगी पडते.

तथापि चिकित्सेपूर्वी दाखल-खारीज व हजेरीच्या नोंदींची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. डिस्क तपासणारी आज्ञा आधी देऊ नये. खंगलेल्या डिस्कला तो ताण सोसेलच असे नाही.

आता दोषाची चाल पाहावी. फाईल डिस्कवर ठरावीक जागी असते. म्हणून तीच फाईल पुनःपुन्हा उघडत नसेल, नक्कल मध्येच अडत असेल किंवा टकटक आवाज येत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद आढळल्यास संशय बळावतो. डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल चांगला आला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील निकामी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांच्या अहवालात दोषाची एकही खूण नव्हती.

याउलट दर वेळी निराळाच प्रोग्रॅम कोसळत असेल, तर प्रथम रॅम पाहावी. तिचा सदोष भाग ज्याच्या वाट्यास येतो, तो प्रोग्रॅम बंद पडतो. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही तपासणी असते. तीत दोष निघाल्यास विजेची तार काढून रॅमच्या पट्ट्या एकेक करून बदलून पाहाव्यात.

दुपारीच बिघाड होतो, सकाळी होत नाही, असे दिसल्यास पंख्यावरील धूळ झाडावी. आपल्या जिल्ह्यातील उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. विजेचा दाब खालीवर होत असल्यास तेही पाहणे आले.

संगणक दुरुस्तीस पाठविताना बिघाडाची तारीख, वेळ व प्रोग्रॅमचे नाव लिहिलेला कागद सोबत द्यावा. आठ-दहा नोंदी असल्या तरी कारागिरास शोधाची दिशा मिळते.