दोन फ्लॅट जोडले, मेंटेनन्स किती?

देवनारमध्ये घर लहान पडू लागले की शेजारचा फ्लॅट घेऊन मधली भिंत काढावी, असा विचार अनेक कुटुंबे करतात. दार एक झाले म्हणजे मेंटेनन्सही एकच, हा मात्र गैरसमज आहे. कापडाचे दोन ताके जोडून शिवले तरी बिलात ते दोनच राहतात.

गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पगार, सफाई, जिन्याची वीज वगैरे सेवाखर्च सर्व फ्लॅटना सारखा वाटला जातो. २९ एप्रिल २००० चा शासन आदेशही हेच सांगतो. समजा, २० फ्लॅटच्या सोसायटीचा सेवाखर्च महिना ४०,००० रुपये आहे. फ्लॅटमागे २,००० म्हणजे जोडघराला ४,०००. ते एकच धरले तर प्रत्येकावर सुमारे २,१०५ रुपये पडतील. शेजाऱ्यांशी हा इन्साफ नव्हे. दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड बांधकाम खर्चावर ठरतात, तेही कमी होत नाहीत. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर व आकारावर असते. जादा नळ बंद केल्यास तेवढीच बचत. मत मात्र एका सभासदाला एकच.

म्हणून सौद्यापूर्वी दोन्ही बिले पाहून हिशेब करावा, सोसायटी व महापालिकेची लेखी परवानगी घ्यावी आणि मगच भिंतीला हात लावावा.