एकटेपणाने अस्वस्थ होणारा कुत्रा व त्याचा औषधोपचार

शेतकऱ्याच्या घरी कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नसतो. खळ्यावरील धान्य, गोठ्यातील वासरे, वाड्यातील शेळ्या-मेंढ्या आणि वस्तीवरील घर यांची राखण तो करतो. अशा उपयुक्त प्राण्यामध्ये कधी कधी एक चमत्कारिक दोष दिसून येतो. घरची माणसे दृष्टीआड होताच तो विव्हळू लागतो, दार ओरबाडतो, साखळीला हिसके देऊन मान रक्तबंबाळ करून घेतो, आणि धनी परत येताच पूर्ववत शांत होतो. पुष्कळ ठिकाणी अशा कुत्र्यास मार दिला जातो, दूरच्या गावी नेऊन सोडले जाते, किंवा दुकानातून झोपेची गोळी आणून चारली जाते. हे तिन्ही उपाय अपायकारक होत. पहिल्याने भीती वाढते, दुसऱ्याने गावोगावच्या मोकाट कुत्र्यांत भर पडते आणि तिसऱ्याने कुत्र्याचा जीवही जाऊ शकतो. यास्तव या विकाराचे स्वरूप, त्यावरील औषधे व ती देताना घ्यावयाची काळजी यांची माहिती शेतकरी व गावपातळीवरील कार्यकर्ते या दोघांनाही असणे इष्ट आहे.

विकाराचे स्वरूप

कुत्रा हा मूळचा कळपाने राहणारा प्राणी आहे. माणसाच्या घरी आल्यावर घरातील माणसे हाच त्याचा कळप होतो. या कळपापासून तुटल्याची तीव्र भीती म्हणजेच हा विकार होय. त्याची मुख्य खूण अशी की, लक्षणे केवळ माणसांच्या गैरहजेरीत दिसतात व बहुधा माणूस बाहेर पडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतात. सतत भुंकणे वा रडणे, लाळ गळणे, धापा टाकणे, दाराची चौकट कुरतडणे, सवय नसता घरात मलमूत्र करणे व समोरचे अन्न न खाणे ही प्रमुख लक्षणे होत.

राहणीत एकाएकी बदल झाला म्हणजे हा विकार विशेषेकरून उद्भवतो. मळ्यातील बिऱ्हाड गावात हलले, मुले शिक्षणासाठी वसतिगृहात गेली, सांभाळणारे वृद्ध माणूस वारले किंवा कुत्रा एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेला, असे प्रसंग यास कारण होतात. ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, तेव्हा मागे राहिलेल्या कुत्र्याची स्थिती याहून निराळी समजावी. तेथे माणूसच नसल्याने औषधाचा उपयोग नाही. कुत्र्यास बरोबर नेणे किंवा शेजाऱ्याकडे त्याच्या अन्नपाण्याची सोय लावणे हाच तेथे उपाय होय.

प्रथम रेबीजची शंका दूर करावी

लाळ गळणे, अस्वस्थपणा व लाकूड चावणे ही लक्षणे रेबीज या प्राणघातक रोगातही आढळतात. म्हणून उपचाराचा विचार करण्यापूर्वी दोहोंतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. एकटेपणाने अस्वस्थ झालेला कुत्रा माणूस परतताच ताळ्यावर येतो, ओळख दाखवितो व नीट खातोपितो. पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणे माणूस जवळ असला तरी कमी होत नाहीत, उलट दिवसागणिक वाढतात. त्याचा आवाज बदलतो, त्यास गिळता येत नाही, मागील पाय लुळे पडतात आणि लक्षणे दिसू लागल्यापासून बहुधा १० दिवसांच्या आत तो मरतो.

शंका असल्यास कुत्र्याजवळ जाऊ नये. घशात हाड अडकले असेल असे समजून त्याच्या तोंडात हात तर मुळीच घालू नये. मुलांना व गुरांना दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास अथवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस टोचून घ्यावी. कुत्र्यास वयाच्या तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस टोचून घेऊन पुढे दरवर्षी ती देत जावी, म्हणजे हा घोर प्रसंग टळतो.

याशिवाय पिलांचे दात येणे, व्यायामाचा अभाव, मूत्रमार्गाचा रोग व रात्री कोल्ह्या-बिबट्याच्या चाहुलीने होणारे भुंकणे यांचाही विचार करावा. घरातील मोबाईल फोन आडोशाला ठेवून बाहेर पडल्यावरचे चित्रण घेतल्यास कुत्रा नेमके काय करतो ते कळते. हे चित्रण पशुवैद्यकास दाखविल्याने निदान सुलभ होते.

औषधे कोणती व ती कसे कार्य करतात

या विकारावर मुख्यतः दोन औषधे वापरली जातात. पहिले क्लोमिप्रामिन. कुत्र्यांतील या विकारासाठी त्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली मान्यता दिली. दुसरे फ्लुओक्सेटिन. त्यास अशीच मान्यता २००७ साली मिळाली. दोन्ही औषधे मूळची माणसातील औदासीन्यावरची आहेत.

मेंदूतील एक मज्जापेशी दुसरीस संदेश देते तो काही रसायनांच्या द्वारे. सेरोटोनिन हे त्यांपैकी एक होय. संदेश पोहोचल्यावर पेशी ते रसायन परत शोषून घेते. ही औषधे या शोषणास आळा घालतात व सेरोटोनिन अधिक काळ कार्य करू शकते. त्यामुळे मेंदूत हळूहळू असे बदल घडतात की, भीतीचा जोर ओसरतो. हे बदल एका रात्रीत होत नाहीत. गुण दिसण्यास सामान्यतः ४ ते ८ आठवडे लागतात. आठवडाभरात फरक नाही म्हणून औषध सोडून देणे ही मोठी चूक होय. त्याचप्रमाणे ही औषधे झोप आणण्यासाठी नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

औषधाचे प्रमाण

प्रमाण कुत्र्याच्या वजनावर ठरते. वजन करण्याची सोपी रीत अशी : कुत्र्यास उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे व आलेल्या वजनातून आपले वजन वजा करावे. क्लोमिप्रामिन दर किलोग्रॅम वजनास दिवसाकाठी २ ते ४ मिलिग्रॅम, एकदाच किंवा दोन वेळांत विभागून देतात. फ्लुओक्सेटिन दर किलोग्रॅम वजनास १ ते २ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा देतात. उदाहरणार्थ, १५ किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्यास क्लोमिप्रामिन दिवसाकाठी ३० ते ६० मिलिग्रॅम, अथवा फ्लुओक्सेटिन १५ ते ३० मिलिग्रॅम इतके होते. दोहोंपैकी एकच औषध द्यावयाचे असते. दोन्ही एकत्र कदापि देऊ नयेत.

वरील आकडे समजुतीसाठी दिले आहेत. औषध कोणते व किती द्यावे हे तपासणीनंतर पशुवैद्यकानेच ठरवावयाचे आहे व त्याच्या चिठ्ठीवाचून ते आणू नये. औषध रोज ठराविक वेळी, थोड्या भाकरीबरोबर दिल्यास ओकारीचा त्रास कमी होतो. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. गुण आल्यावरही औषध एकदम बंद न करता पशुवैद्यकाच्या सल्ल्याने हळूहळू कमी करीत जावे.

पहिल्या काही दिवसांत सुस्ती, भूक मंदावणे, ओकारी किंवा हगवण होऊ शकते. हा त्रास बहुधा आपोआप कमी होतो. परंतु झटके आले, कुत्र्याने दोन दिवस अन्न घेतले नाही किंवा तो अंगावर धावून येऊ लागला, तर दवाखान्यात विनाविलंब कळवावे.

गोचिडांचे औषध व ही औषधे यांचा धोकादायक संयोग

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना ही होय. गुरांच्या व कुत्र्यांच्या अंगावरील गोचिडांसाठी अमिट्राझ हे औषध खेडोपाडी सर्रास वापरले जाते. मेंदूतील सेरोटोनिनसारखी रसायने मोडून टाकणारे जे द्रव्य शरीरात असते, त्याचे कार्य अमिट्राझ रोखते. एकीकडे सेरोटोनिनचे शोषण थांबले व दुसरीकडे त्याचे मोडणेही थांबले, तर ते मर्यादेबाहेर साठते. मग कुत्रा थरथर कापतो, त्यास तीव्र ताप चढतो, हृदयाचे ठोके वाढतात, झटके येतात व प्रसंगी मृत्यू ओढवतो.

म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

१. गोचिडांच्या औषधाच्या बाटलीवरील घटकाचे नाव वाचावे. वाचता येत नसल्यास बाटलीच दवाखान्यात नेऊन दाखवावी.

२. कुत्र्यास अमिट्राझ लावले असल्यास त्यानंतर निदान १४ दिवस क्लोमिप्रामिन किंवा फ्लुओक्सेटिन सुरू करू नये.

३. औषध चालू असताना कुत्र्यास अमिट्राझ लावू नये. गोठ्यात गुरांवर ते फवारावयाचे असेल, तर कुत्र्यास तेथून दूर बांधावे व फवारा पूर्ण वाळेपर्यंत आत येऊ देऊ नये.

४. क्लोमिप्रामिन थांबविल्यावर निदान १४ दिवस अमिट्राझ लावू नये. फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून ते थांबविल्यावर ६ आठवडे लोटू द्यावेत.

५. दरम्यान गोचिडांसाठी दुसरे कोणते औषध वापरावे ते पशुवैद्यकास विचारावे.

कोणत्या कुत्र्यास ही औषधे देऊ नयेत

पूर्वी फेफऱ्याचे झटके आलेल्या कुत्र्यास ही औषधे देत नाहीत. सहा महिन्यांखालील पिलांनाही ती वर्ज्य होत. क्लोमिप्रामिनने नराच्या वृषणांवर परिणाम होऊ शकतो. सबब कारवानीसारख्या जातिवंत कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांनी पैदाशीच्या नरास ते देऊ नये. यकृताचा रोग, काचबिंदू किंवा लघवी तुंबण्याचा त्रास असल्यास, तसेच कुत्री गाभण असल्यास वा पिलांना पाजत असल्यास तसे पशुवैद्यकास आधी सांगावे.

माणसांच्या झोपेच्या गोळ्या व भांग यांचा प्रयोग कुत्र्यावर करू नये. माणसांसाठीच्या काही गोड पातळ औषधांत झायलिटॉल नावाचे द्रव्य असते, ते कुत्र्यास विषासमान आहे. एसिप्रोमाझिनसारख्या गुंगीच्या औषधाने कुत्रा निपचित पडतो, पण त्याची भीती जात नाही. बाहेरून शांत दिसणारा कुत्रा आतून भ्यालेलाच राहतो. म्हणून या विकारावर केवळ तेवढ्याच औषधावर विसंबू नये.

औषधासोबत शिक्षण

केवळ औषधाने हा विकार बरा होत नाही. औषधाने भीती कमी होते व कुत्रा शिकण्याजोगा होतो. जमीन वाफशावर आल्याखेरीज पेरणी साधत नाही आणि वाफसा आला तरी पेरल्यावाचून उगवत नाही. औषध व शिक्षण यांचे नाते असेच आहे. शिक्षणाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. रोज सकाळी कुत्र्यास शेतावर भरपूर फिरवून आणावे.

२. वहाणा घालणे, गाडीची किल्ली घेणे या हालचाली दिवसातून अनेकदा कराव्यात, पण बाहेर जाऊ नये. त्यांची धास्ती अशाने मोडते.

३. मग काही क्षणच दाराबाहेर जाऊन परतावे. कुत्रा शांत राहिला तर हा वेळ क्रमाक्रमाने १ मिनिट, ५ मिनिटे, १० मिनिटे असा वाढवावा. तो अस्वस्थ झाल्यास मागील पायरीवर यावे. अर्धा-पाऊण तास शांत राहू लागल्यावर पुढील वाढ अधिक लवकर करता येते.

४. हे शिक्षण चालू असेतो त्यास दीर्घकाळ एकटे ठेवू नये. घरातील किंवा शेजारचे कोणी जवळ असावे.

५. जाताना भाकरीचे तुकडे गोणपाटाच्या घडीत लपवून ठेवावेत, म्हणजे ते शोधण्यात त्याचे मन रमते.

६. जाताना व येताना फार लाड करू नयेत. नासधूस दिसली तरी शिक्षा करू नये. घडून गेलेल्या गोष्टीचा व माराचा संबंध त्यास जोडता येत नाही.

रात्रंदिवस साखळीस बांधून ठेवणे हाही उपाय नव्हे. सदैव बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे अपराध आहे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

अशी तक्रार कानी आल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत : रेबीजची लस केव्हा टोचली? माणूस घरी असताना कुत्रा कसा वागतो? गोचिडांचे कोणते औषध, कोणत्या तारखेस लावले? पूर्वी कधी झटके आले होते काय? उत्तरे एका कागदावर लिहून शेतकऱ्यासोबत दवाखान्यात पाठवावीत. उपचार सुरू झाल्यावर तारीख, दिलेले औषध, कुत्र्यास एकटे ठेवल्याचा वेळ व दिसलेली लक्षणे यांची नोंद वहीत ठेवण्यास शेतकऱ्यास सांगावे. आठ आठवड्यांनी ही वही पाहून पशुवैद्यकास प्रमाण बदलावे की औषध बदलावे, हे ठरविता येते.

सारांश, हा खोडकरपणा नसून आजार आहे. रेबीजची शंका आधी फेडावी, औषध वजन करून व सल्ल्यानेच द्यावे, अमिट्राझ दूर ठेवावे आणि धीराने शिक्षण द्यावे. वर्षानुवर्षे रात्र जागवून घर राखणाऱ्या प्राण्यासाठी दोन महिन्यांचे हे श्रम शेतकऱ्यास जड वाटू नयेत. बरा झालेला कुत्रा पुन्हा आपली राखण नेटाने करू लागतो.