भुईखालची भुई

घर पाहताना आपली दृष्टी भिंतींवर जाते, छपरावर जाते. पायाखालच्या भुईकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु पालघरच्या पावसाळ्यात खरी कसोटी लागते ती भुईचीच. शेते तुडुंब भरतात, जमीन पाण्याने फुगते. अशा वेळी भुईला ओल आली, तर कणगीतल्या भाताला बुरशी येते आणि जमिनीवर निजणाऱ्या म्हाताऱ्यांना नि लेकरांना गारठा बाधतो.

ही ओल वर चढते कशी? दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी बारीक माती आपल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर ओढते. ताटलीत थोडे पाणी घेऊन तीत कोरड्या मातीचा एक व खड्यांचा एक असे दोन ढीग करून पाहा. मातीचा ढीग हळूहळू वरपर्यंत भिजेल; खड्यांचा माथा कोरडाच राहील. मोठ्या फटींतून पाणी फारसे वर चढू शकत नाही.

जाणत्या गवंड्यांना हे मर्म पूर्वीपासून ठाऊक आहे. ते प्रथम घराभोवती चर खणून पाण्याला वाट देतात. मग जोते उंच घेऊन त्यात दगडगोटे भरतात, त्यावर मुरूम पसरून धुमसाने ठोकतात. वरची माती चोपून शेणाने सारवली, की भुई तयार होते. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरला कारखाने आले, सिमेंटची घरे वाढली. तरी फरशीखाली दगडांचा थर घालण्याची रीत राहिलीच.

कॅनडासारख्या थंड देशांत घराखाली तळघर असते. तेथील काँक्रीटची जमीन बर्फासारखी गार पडते. गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तशीच त्या जमिनीवर हवेतील वाफ साकळते. म्हणून तेथील लोक तिच्यावर घट्ट थर्मोकोलचे तक्ते बसवतात, त्यांवर फळ्या ठोकतात आणि मग वरची जमीन करतात. तक्त्यांत कोंडलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही. मात्र भेगांतून पाणी झिरपत असेल, तर आधी ते थांबवावे लागते. नाहीतर झाकलेली ओल आतल्या आत फळ्या कुजवते.

देश वेगळे, साहित्य वेगळे; परंतु नियम एकच. ओल झाकण्यापूर्वी तिची वाट बंद करावी. जे काम कोणाच्या नजरेस पडत नाही, त्याच्यावरच घराचे सुख उभे असते.

स्वाध्याय
१. मातीचा ढीग भिजतो व खड्यांचा माथा कोरडा राहतो, याचे कारण सांगा.
२. गवंडी भुई करण्यापूर्वी चर का खणतात?
३. तुमच्या घराच्या भुईखाली कोणते थर आहेत, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.