गर्भपिशवी काढण्याआधी अंडाशयांचं विचारा

पाथर्डी तालुक्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्यासारख्यांची घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि एक दिवस फडावर गेलं नाही तर खाडा. मला अंगावरून फार जायचं. कधी दोन महिने पाळी नाही, मग आठ-दहा दिवस थांबायचं नाव नाही. तशातच डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कापड बदलायला आडोसा म्हणजे उभा ऊस.

बत्तिसाव्या वर्षी एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका." हंगाम तोंडावर आला होता. ऑपरेशन झालं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढल्याचं मला पुढच्या वर्षी कळलं, आशाताईंनी इंग्रजी डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवलं तेव्हा. तोवर अंगातून वाफा निघत होत्या, रात्री घामानं पातळ भिजत होतं, कंबर धरून उठावं लागत होतं.

आता कळतं ते सांगते. पाळी येते पिशवीतून, पण तिचा कारभार वरून चालतो. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्या हार्मोनमुळे अंडाशयात बीज वाढतं. वाढताना अंडाशय इस्ट्रोजेन सोडतं आणि पिशवीचं अस्तर जाड होतं. बीज सुटलं की त्याच जागी प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांत प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं, पाळी येते. एखाद्या महिन्यात बीजच सुटलं नाही, तर प्रोजेस्टेरॉन बनत नाही. अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग कधीही, कसंही ढासळतं. माझ्यासारखं उशिरा आणि भरमसाट जाण्यामागे पुष्कळदा हेच असतं. त्यावर हार्मोनच्या गोळ्या आहेत, रक्तस्राव कमी करणारी औषधं आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे. मला यातलं काहीच कोणी देऊन पाहिलं नाही.

अंडाशयं गेली की पिट्यूटरी आणखी जोरानं हुकूम सोडते. मुकादम ओरडतोय आणि फडात माणूसच नाही, अशी गत. इस्ट्रोजेन संपलं की हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोकाही वाढतो. म्हणून इतक्या लहान वयात अंडाशयं काढली, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत का, हे डॉक्टरांनी बघायला हवं. मला कॅल्शियमच्या गोळ्यांवर घरी पाठवलं.

आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाथर्डी-शेवगावच्या बायका त्याच फडांवर जातात.

तेव्हा बायांनो, नुसतं पांढरं जातं म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितलं तर उठून या. ते बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. कॅन्सरची भीती घातली तर तपासणीचा लेखी रिपोर्ट मागा. नगरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन खरंच लागणार असेल, तर सहीआधी विचारा: अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का? उत्तर कागदावर मराठीत लिहून घ्या.