काळ्या पडद्याआधीची शेवटची ओळ

संगणक प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात एक नोंद आहे : 'पीसी क्रमांक 7, मेमरी खराब.' तिच्यावर आता लाल रेघ आहे. ती रेघही मीच मारली.

तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी मी छोटा ड्रायव्हर लिहून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कंपाइल केला. पीसी सुरू केला की पडदा काळा! डिस्क जोडली जाण्याआधीच कर्नल अडकला तर डिस्कवर नोंद उरत नाही. पूर्वी सिरियल पोर्टमधून कर्नलचे संदेश दुसऱ्या यंत्रावर वाचता येत. आमच्या पीसीला तो पोर्टच नाही. मी मेमरीवर ठपका ठेवला. सरांनी एवढेच विचारले, "पुरावा?"

पुरावा यूएसबीतून मिळाला. यूएसबी 3 च्या अनेक एक्सएचसीआय कंट्रोलरमध्ये 'डीबग कपॅबिलिटी' ही सोय असते. आमच्याकडील कर्नल 4.9 ला ती सुरुवातीपासून वापरता येत नव्हती; 2017 मधील 4.12 पासून ते शक्य झाले. म्हणून आधी अपडेट केले.

कृती अशी :

1. जुना कर्नल बूट मेनूत राहू द्या. परतीची वाट तीच.

2. नवा कर्नल कंपाइल करताना एक्सएचसीआय डीबग पोर्टवरील 'अर्ली प्रिंटके' हा पर्याय चालू करा.

3. दोन्ही टोकांना टाइप-ए असलेली खास डीबग केबल घ्या. तिच्यात 5 व्होल्टची तार नसते. साधी ए-टू-ए केबल दोन पीसींचा वीजपुरवठा एकमेकांना भिडवते. ती वापरू नका.

4. आधी केबल जोडा, मगच बिघडलेला पीसी सुरू करा. ग्रब मेनूत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीत 'अर्लीप्रिंटके=एक्सडीबीसी,कीप' ही सूचना इंग्रजी अक्षरांत जोडा. प्रत्येक ड्रायव्हरच्या आरंभाची नोंद हवी असेल तर 'इनिटकॉल_डीबग' आणि 'लॉगलेव्हल=8' याही द्या. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो.

5. दुसऱ्या लिनक्स पीसीवर केबल सिरियल पोर्टसारखी दिसते. टर्मिनल प्रोग्राममध्ये तो पोर्ट उघडा.

ओळी भराभर आल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळीत माझ्याच ड्रायव्हरचे आरंभ-फंक्शन बोलावल्याची नोंद होती. ते परतल्याची नोंद नव्हती. कोड उघडला. सेन्सरचे उत्तर येईपर्यंत थांबणारे लूप मी लिहिले होते आणि त्याला वेळेची मर्यादाच नव्हती. सेन्सर जोडलेला नव्हता, म्हणून कर्नल वाट पाहतच राहिला. मर्यादा घातली आणि पीसी सुरळीत सुरू झाला.

मेमरी निर्दोष होती. मी रजिस्टर मागून घेतले, रेघ मारली आणि खाली लिहिले : 'कारण : ड्रायव्हरमधील चूक, माझी.' सरांनी शेजारी सही केली.

मित्रांनो, यंत्रावर ठपका ठेवण्याआधी त्याची शेवटची ओळ वाचा.