या महिन्याचा पाठ : पूर ओसरल्यावरचा पहिला स्वयंपाक



ऑगस्ट २०१९ चा महापूर आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जुलै २०२१ चा पूर. पंचगंगा, कृष्णा आणि वारणाकाठच्या बायकांना पूर म्हणजे काय हे कोणी सांगायला नको. घर सोडताना काय घ्यायचं, जनावरं कुठं न्यायची, हे तुम्हीच मला शिकवाल. पण बैठकांमधून एक विषय राहून जातो. पाणी उतरलं, छावणीतून घरी आलो, आता चूल कशी पेटवायची आणि रात्री पोरांना काय घालायचं?

हा विषय छोटा नाही. पूर जातो, पण जुलाब, कावीळ, टायफॉइड मागे ठेवून जातो. मग दवाखान्याचा खर्च गटाच्या कर्जातून होतो आणि हप्ता थकतो. म्हणून पहिल्या जेवणाचा पाठ आपण नीट शिकून घेऊ.

१. फेकण्याआधी फोटो

भिजलेलं धान्य बघवत नाही, वासही येतो, म्हणून आपण लगेच उकिरड्यावर टाकतो. थांबा. आधी मोबाईलवर फोटो काढा. पोती, कणगी, भिंतीवरची पाण्याची खूण, सगळं दिसू द्या. तलाठ्यांचा पंचनामा व्हायच्या आधीच घर साफ झालं, तर नुकसान दाखवायचं कशावरून?

२. काय ठेवायचं, काय टाकायचं

पुराचं पाणी लागलेलं पीठ, तांदूळ, डाळ, मसाला, तेलाची उघडी बाटली, सगळं टाका. "उन्हात वाळवून घेऊ, दळून आणू" असं मनात येतं, कारण वर्षाचं धान्य असतं. पण त्या पाण्यात संडासाची घाण आणि शेतातली औषधं मिसळलेली असतात. ती वाळवून जात नाहीत. भिजलेलं धान्य जनावरांनाही घालू नका. पत्र्याचा सीलबंद डबा फुगलेला किंवा गंजलेला नसेल, तर साबणाने आणि ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन वापरता येतो. ज्याची शंका येते ते टाका.

३. पाणी

विहीर आणि बोअर पुरात बुडाले असतील, तर ग्रामपंचायतीने टीसीएल टाकून पाणी तपासेपर्यंत ते पाणी वापरू नका. टँकरचं पाणीसुद्धा चार पदरी कापडाने गाळा आणि उकळा. खळखळ उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या, नुसतं कोमट करून चालत नाही. क्लोरीनची गोळी किंवा औषध मिळालं, तर पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच घाला आणि अर्धा तास थांबा. पाण्याला डिझेलचा किंवा फवारणीच्या औषधाचा वास येत असेल, तर ते उकळूनही पिऊ नका.

४. चूल आणि गॅस

बुडालेला सिलिंडर आपल्या हाताने जोडू नका. एजन्सीला कळवा, रेग्युलेटर आणि नळी तपासून घ्या. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, लाईटचं बटणही दाबू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. भांडी साबणाने घासून उकळत्या पाण्यातून काढा.

५. एका भांड्यातलं जेवण

मदतीच्या पिशवीत कधी मॅकरोनीचं पाकीट निघतं, किराणा दुकानातही मिळतं. काहीजणी ते "शहरी खाणं" म्हणून बाजूला ठेवतात. ताई, मॅकरोनी म्हणजे गव्हाच्या रव्याची जाड, पोकळ शेवईच. पोळपाट लागत नाही, कणीक मळावी लागत नाही, आणि चार दिवस खिचडी खाऊन कंटाळलेली पोरं आवडीने खातात.

पाच माणसांसाठी : मॅकरोनी अर्धा किलो, कांदे २, टोमॅटो ४, लसूण ७-८ पाकळ्या, तेल ३ चमचे, हळद, तिखट, मीठ, शेंगदाण्याचा कूट १ वाटी, उकळलेलं पाणी साधारण दीड लिटर.

एरवी मॅकरोनी भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून देतात. आपल्याकडे पाणीही कमी आणि सरपणही ओलं, म्हणून तसं करायचं नाही. तेलात लसूण आणि कांदा परता. हळद, तिखट आणि टोमॅटो घालून टोमॅटो गळेपर्यंत शिजवा. मग पाणी आणि मीठ घाला. उकळी आली की मॅकरोनी सोडा. मध्ये मध्ये तळापासून हलवा, नाहीतर बुडाला लागते. १०-१५ मिनिटांत एक दाणा चावून बघा. मऊ झाला की कूट घालून दोन मिनिटं ठेवा. कुटामुळे रस्सा दाट होतो आणि अंगाला ताकदही मिळते. भाजी मिळाली तर धुऊन तीही घाला.

पाकीट नसेल तर आपली वरणफळं आहेतच. पातळ वरणाला फोडणी द्या, त्यात कणकेच्या पोळीचे तुकडे सोडा आणि शिजवा. कामही एकाच भांड्यात होतं.

वाढण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. लाईट नाही, फ्रीज नाही, म्हणून शिजवलेलं दोन तासांच्या आत संपवा. रात्रीचं उरलेलं सकाळी खायचं नाही.

६. शेवटचं ताट कुणाचं?

ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी लिहिते आहे. दिवसभर गुडघाभर चिखल काढणारी बाई रात्री भांड्याच्या तळाचं खरवडून खाते आणि "मला भूक नाही" म्हणते. त्या घरात गरोदर सून असेल, अंगावर पाजणारी आई असेल, तर तिचीही तीच गत. ताई, मॅकरोनी अर्धा किलो पाच ताटांसाठी आहे, चार ताटांसाठी नाही. आधी पाचही ताटं वाढा, मग बसा. सगळ्यांनी एकत्र बसा, कारण घाबरलेल्या पोरांना आई शेजारी बसून जेवताना दिसली की घर पुन्हा घर वाटू लागतं.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गटात कुणाचं घर पहिल्यांदा पाण्यात जातं? तिचं आठ दिवसांचं कोरडं धान्य उंचावरच्या कुणाच्या घरी ठेवता येईल?
• ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून दोन मोठी पातेली आणि क्लोरीनचा साठा पावसाळ्याआधी घ्यायचा का?
• एकटी राहणारी म्हातारी, अपंग ताई, यांच्या घरी पहिलं जेवण कोण पोहोचवणार? नाव ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.

ठराव मे महिन्यातच करा. नदी फुगल्यावर कुणाला बैठक घ्यायला वेळ मिळत नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक